घरातील ३६० अंशांची छायाचित्रे

रिको थीटा झेड१ या ३६० अंशी कॅमेऱ्याने घरात काढलेल्या फोटोंत खिडकी पांढरीफटक आणि कोपरे रवाळ (दाणेदार) येतात, अशी आपली तक्रार आहे; तिचे मूळ मला कॅमेऱ्यापेक्षा ऑटो मोडमध्ये (सारे काही कॅमेराच ठरवतो त्या पद्धतीत) दिसते. या कॅमेऱ्यात १ इंची दोन सेन्सर (प्रकाश टिपणारे भाग) असले, तरी खोलीतला अंधार आणि खिडकीतले ऊन एकाच एक्स्पोजरमध्ये (एका फोटोसाठी आत घेतलेल्या प्रकाशात) मावत नाही. म्हणून भिंगे पुसून, कॅमेरा ट्रायपॉडवर लावून, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; ती कमी तितका रवाळपणा कमी) ८० या किमान पातळीवर ठेवून आणि केवळ शटरचा वेग बदलत चार-पाच रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो घ्यावेत व नंतर एकत्र करावेत. चहूबाजूंचे टिपणाऱ्या फोटोत आपण येऊ नये म्हणून स्वतः दाराआड थांबून मोबाइलवरून शटर दाबावे. दोन भिंगांची चित्रे जिथे जोडली जातात त्या जोडरेषेवर जवळची वस्तू आली की ती तुटकी दिसते (माझ्या एका फोटोत खुर्चीला दीडच हात उरला होता), त्यामुळे जवळचे फर्निचर थेट भिंगासमोर येईल असा कॅमेरा मी फिरवून घेतो.