चार बदाम दिसले की डोळे झाकून कॉल?

किलवरदश्शी: "पोकरमध्ये हातातले दोन आणि फ्लॉपचे (टेबलावर आधी उघडणारे तीन) पत्ते मिळून चार बदाम जमले की फ्लशची, म्हणजे पाच बदामांची, शक्यता ३५ टक्के. पॉटमध्ये (डावावर जमलेल्या चिप्स) १००, समोरच्याने १०० लावले, तर कॉलला, म्हणजे तेवढेच लावून डावात राहायला, ३३ टक्के पुरतात (एकूण ३००मध्ये आपले १००). डोळे झाकून कॉल करा." हे इथे कुणीतरी लिहिलंय आणि खाली वाहवा चाललीय. अहो, ३५ टक्के हे टर्न आणि रिव्हर, म्हणजे टेबलावरचा चौथा आणि पाचवा, दोन्ही पत्ते याच १००मध्ये दिसले तर! न दिसलेले पत्ते ४७, त्यांत बदाम ९. टर्नला बदाम पडायची शक्यता १९ टक्के. नाही पडला आणि समोरच्याने पुन्हा ३०० लावले, मग? तो ऑल-इन असेल, म्हणजे सगळ्या चिप्स लावून बसला असेल, तर खुशाल ३५ धरा. एरवी हे अर्धं गणित अंदाजपंचे खेळण्यापेक्षा महाग पडतं, कारण माणूस हरतो तेही शहाणपणाच्या थाटात.

इस्पिकराणी: ते "कुणीतरी" म्हणजे मी. नाव घेऊन बोला की. नवख्यांसाठी लिहिलं होतं, प्रबंध नव्हता. आणि फ्लश लागल्यावर पुढे मिळणाऱ्या चिप्स बऱ्या सोयीने विसरलात!

किलवरदश्शी: मोजल्यात. टर्नला बदाम नाही तर पत्ते टाकायचे, असं धरू. ४७ पैकी ३८ वेळा १०० गेले: ३८००. उरलेल्या ९ वेळा पॉटचे २०० आले: १८००. तूट २०००. म्हणजे लागलेल्या दर फ्लशमागे आणखी २२२ उकळता आले पाहिजेत. टेबलावर तिसरा बदाम उघडा पडल्यावर एवढे देणारा भेटला तर मलाही बोलवा.

गुलामचोर: गणितबिणित राहू द्या. माझी एक्क्यांची जोडी राजांपुढे लागोपाठ दोनदा गेली. ऑनलाइन पत्ते पिसतच नाहीत, लावून देतात.

बदामसत्ती: झालं सुरू! फ्लॉपआधी ऑल-इन झालात तर एक्के राजांपुढे साधारण ८२ टक्के वेळा जिंकतात. लागोपाठ दोनदा हरण्याची शक्यता तीन टक्क्यांच्या वर आहे. इतके डाव खेळणाऱ्याला हे कधीतरी दिसणारच.

गुलामचोर: दोन्ही वेळा राजा रिव्हरलाच आला. हाही योगायोग?

बदामसत्ती: टर्नला आला असता तर "टर्नलाच!" म्हणाला असतात. हँड हिस्टरी (खेळलेल्या डावांची नोंद) उतरवून घ्या आणि एक्के जिंकलेले डावही मोजा.

गुलामचोर: ज्याचं जळतं त्याला कळतं. तुम्हाला साइटचा पगार चालू दिसतोय.

बदामसत्ती: हो, आणि बोनस तुमच्या चिप्समधून मिळतो.

इस्पिकराणी: माझ्या धाग्यात ही हाणामारी कशाला? दश्शीसाहेब, "समोरचा ऑल-इन असेल तर" एवढे शब्द घालते, झालं समाधान? पण नऊच पत्ते का धरता? हातात बदाम एक्का असला आणि समोर राजांची जोडी, तर उरलेले तीन एक्केही माझेच. झाले बारा.

किलवरदश्शी: बारा धरले तरी टर्नला साडेपंचवीस टक्के. तेहतीस कुठे? आणि समोर सेट (एकाच किमतीचे तीन पत्ते) असला तर ते तीन एक्के वाया.

इस्पिकराणी: बरं बाबा, गणित तुमचं. वाहवा माझी.

गुलामचोर: आणि तिन्ही एक्के साइटच्या बाहीत.