मदत हवी आहे: फॉके-वुल्फ १९० ए-४ च्या किटमधून ए-५, नाकाचा जोड

कुर्ट टँक यांनी रचलेल्या फॉके-वुल्फ १९० या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानात ए-५ या आवृत्तीपासून बीएमडब्ल्यू ८०१ इंजिन सुमारे १५ सेमी पुढे नेलं. गुरुत्वमध्य पुढे आला आणि मागे जादा वजन नेता आलं. माझ्या १:४८ प्रमाणाच्या प्लास्टिक मॉडेलमध्ये हे ३.१ मिमी. त्यासाठी कूलिंगच्या फटींमागे काप घेऊन १.५ मिमी प्लास्टिक शीटचे दोन थर घालतोय, उरलेलं पुट्टीत.

अडचण अशी, की तिथे धडाचा घेर बदलत जातो. सपाट थर बसवला की बाजूंना पायरी पडते, आणि ती घासताना बाजूच्या पॅनेलच्या रेषा पुसल्या जातात. विमान लांबलेलं दिसतं ते नेमकं याच पॅनेलमुळे, म्हणून तिथे तडजोड नको.

थर मोठे कापून पूर्ण सुकल्यावर उतरते घासावेत, की पॅनेल काढून पातळ शीटचं नवं बसवावं? रेषा कशाने कोराव्यात?