पावडर कोटिंग करून आणलेल्या चेसिसमध्ये बुलेटचं इंजिन बसत नाहीये, मागचा बोल्ट आरपार जाईना

बर्डीचा_बुलेटवाला
नमस्कार मंडळी. बाबांची जुनी कास्ट आयर्न बुलेट ३५० आहे, चार गिअरवाली, गिअर उजव्या पायात. चेसिस गंजली होती म्हणून पूर्ण गाडी खोलली, नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतून सँडब्लास्ट आणि काळं पावडर कोटिंग करून आणलं, दिसायला काम एक नंबर झालंय. काल इंजिन चढवायला घेतलं तर इंजिन धरणाऱ्या समोरच्या प्लेटा लागल्या पण मागच्या प्लेटचा वरचा बोल्ट काही केल्या जात नाही, भोकातून डोळा लावून बघितलं तर नुसती चंद्रकोर दिसते, म्हणजे दोनेक एमएमचा फरक असेल. मिस्त्री म्हणतो ड्रिल मारून भोक मोठं करू नाहीतर ठोकून घालू. मला काही ते पटत नाहीये, आधी हेच इंजिन याच चेसिसमध्ये होतं ना!
इंजिन गिअरबॉक्स जोडून चढवायचं का वेगवेगळं? बोल्टच्या जागचं कोटिंग खरडायचं का राहू द्यायचं? आणि मी सगळे नवे स्टेनलेसचे बोल्ट आणलेत, ते चालतील ना?

पाचपावली_गॅरेज
ड्रिल अजिबात नका लावू भाऊ. त्या भोकात एकदा ढिलाई आली का इंजिन जागेवर हालते, मंग कितीही टाइट करा, थोड्या दिवसात बोल्टच कापल्या जाते. या गाडीच्या चेसिसले खालून पाइप नाही, समोरचा पाइप इंजिनच्या प्लेटपाशीच संपते अन् मधात इंजिनच पाइपाचं काम करते. इंजिन काढलं का चेसिसचं खालचं तोंड उघडं पडते, मंग उचल-ठेव अन् ब्लास्टिंगमध्ये ते एखाद-दोन एमएम इकडंतिकडं होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.
पयले समोरच्या प्लेटीचे सारे नट ढिल्ले करा. तुमच्या मिस्त्रीनं समोरचं टाइट करून मंग मागचं धरलं असन, इथंच घोळ हाय.

लोहा_ओळी_लेथ
वरचे भाऊ बरोबर बोलले. हिशोबच करून बघ ना, पावडर कोटिंगची जाडी साधारण ६० ते १०० मायक्रॉन असते. भोकाच्या आतून दोन्ही बाजूंनी धरलं तरी भोक फार तर ०.२ एमएम लहान होईल, त्यामुळे बोल्ट घट्ट जाईल, पण चंद्रकोर दिसणार नाही. म्हणजे तुझ्याकडे दोन वेगळ्या भानगडी आहेत, एक कोटिंगची आणि एक जागा सरकल्याची, आणि दोन्ही एकत्र सोडवायला गेलास तर दिवसभर नुसता घाम गाळशील.

कोटिंगचं आधी उरक. भोकात योग्य मापाचा रीमर (भोक आतून साफ करायचं हत्यार) हाताने फिरव, नसेल तर रेती पेपर गोल गुंडाळून आतलं पावडर काढ, लोखंड दिसलं की थांब, लोखंड नाही खायचं. आटे असलेल्या भोकात टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरव. पण इथे लक्ष दे, जुन्या बुलेटला बरेच आटे इंग्लिश मापाचे आहेत, ५/१६ चा बोल्ट ७.९४ एमएम म्हणजे हातात घेतला तर ८ एमएमसारखाच वाटतो, पण ५/१६ बीएसएफला (जुने इंग्लिश बारीक आटे) इंचाला २२ आटे आणि साध्या ८ एमएमला १.२५ एमएम पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. दोन फेरे मजेत जातो आणि मग अडतो, मिस्त्री म्हणतो पेंट अडला असेल आणि पाना लावून फिरवतो, की गेले आटे! आमच्याकडे असे मेलेले आटे घेऊन येणारे कमी नाहीत. पिच गेज लावून बघ नाहीतर जुना बोल्ट नमुन्याला घेऊन इतवारीत लोहा ओळीत ये, उधार-उसन्या मापावर नवीन घेऊ नको.

स्टेनलेस इंजिन माउंटला नको. बाजारात मिळतो तो बहुतेक ए२-७० असतो, ताकद ७०० मेगापास्कल, आणि ८.८ च्या हायटेन्साइल बोल्टची ८०० धरतात. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा आवळला तर मध्येच चिकटून बसतो, ना पुढे ना मागे. ते तुझे चकचकीत बोल्ट मडगार्ड आणि नंबर प्लेटला वापर, तिथे शोभतील.

महालकर_७०
इंजिन गिअरबॉक्स जोडूनच चढवा. बुलेटचा गिअरबॉक्स क्रँककेसच्या मागच्या तोंडावर थेट स्टडने बसतो, दोन्हीतलं अंतर ठरलेलं आहे, प्रायमरी चेनचा ताण खालच्या पट्टीने ॲडजस्ट होतो. म्हणून ते तोंड टेबलावरच स्वच्छ पुसून, स्टडचे नट नीट आवळून घ्यायचे, चेसिसमध्ये गेल्यावर तिथे पाना घालायला हात वाकडे करावे लागतात.
आमच्या घरी जी पद्धत आहे ती सांगतो. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर काढून इंजिन जुन्या टायरवर आडवं निजवायचं आणि नागडी चेसिस दोघांनी वरून त्याच्यावर उतरवायची. इंजिन उचलण्यापेक्षा चेसिस उचलणं केव्हाही सोपं आणि नवीन कोटिंगला ओरखडाही कमी येतो. समोरच्या पाइपाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ठेवा, नाहीतर इंजिनची फिन लागली की गेलं कोटिंग.
खरडण्याबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. सगळं खरडत बसू नका, इथे पावसाळ्यात उघडं लोखंड आठवड्यात तांबूस होतं. भोकं मोकळी करा, बाकी राहू द्या.

लोहा_ओळी_लेथ
@महालकर काका, गंजाचं मान्य, पण जिथे प्लेट चेसिसला टेकते ते तोंड आणि वाशरखालची जागा खरडलीच पाहिजे. पावडर कोटिंग शेवटी प्लास्टिकच आहे, दाबाखाली आणि इंजिनच्या गरमीने ते हळूहळू दबतं. चेसिसचं तोंड, प्लेटच्या दोन्ही बाजू, वाशरखाली, असे थर मोजले तर एका बोल्टवर पाव-अर्धा एमएम प्लास्टिक होतं. ते दबलं की बोल्ट ढिला, आणि एका सिलिंडरची गाडी काय थरथरते ते तुम्हाला मी काय सांगू. प्लेटच्या आकारापेक्षा जरा आतपर्यंतच खरडायचं, बाहेरून काही दिसत नाही, आणि उघड्या लोखंडावर ग्रीसचा हात फिरवायचा. फक्त बोल्टच्या आट्यांना ग्रीस लागलं तर मॅन्युअलमधल्या टॉर्कपेक्षा थोडं कमी आवळायचं, कारण तेलकट आट्यावर तोच आकडा बोल्टला जास्त ताणतो.
पुढच्या वेळी कुणी कोटिंगला देणार असेल तर जुने बोल्ट-वाशर लावूनच द्या किंवा सिलिकॉनची बुचं सांगा. भट्टी १८० ते २०० डिग्रीची असते, साधी टेप जळून जाते.

महालकर_७०
वाशरखालचं ठीक आहे, पटलं. पण ग्रीस दर पावसाळ्यानंतर बघायचं हं, एकदा लावलं आणि विसरलं असं नको.

बर्डीचा_बुलेटवाला
धन्यवाद सगळ्यांना!! आज रविवार, दिवसभर हेच केलं. सगळं परत खोललं, तोंडं खरडली, काकांच्या पद्धतीने चेसिस वरून उतरवली. मग एकही नट न आवळता सगळे बोल्ट नुसते हाताने घालत गेलो, समोरचे गेले, मागचे खालचे गेले, वरच्याची चंद्रकोर अर्ध्यावर आली. तिथून पुढे सामान बांधायचा रॅचेट बेल्ट समोरच्या पाइपाला आणि मागच्या प्लेटला लावून एकेक दात ओढला आणि बोल्ट दोन बोटांनी ढकलला तर गेला. मिस्त्री बघतच राहिला.
आता आवळायचा क्रम सांगा. आणि टाकीखालून इंजिनच्या हेडला येणारी पट्टी आत्ताच लावू का?

पाचपावली_गॅरेज
बेल्टनं आलं म्हणजे चेसिस वाकली नाही, नुसती फाकली होती. बेल्टनंही नसती आली तं जिगवर, म्हणजे चेसिस तपासायच्या साच्यावर, दाखवा लागली असती.
क्रम असा धरा, पयले मागच्या प्लेटा, मंग समोरच्या, पण एका झटक्यात नाही, थोडं इकडं थोडं तिकडं. अधूनमधून बोल्ट हातानं फिरवून पाहा, अडकून रायला असन तं कुठंतरी ताण हाय. हेडची पट्टी सगळ्यात शेवटी. तिच्यात अन् हेडमध्ये फट असन तं वाशर टाकून भरा, पट्टी आवळून फट बंद करायची नाही. नाहीतर हेड एका बाजूले ओढल्या जाते, पट्टी तुटते तुटते अन् गाडीची थरथर वाढते ते वेगळं.
मागचं चाक लावल्यावर गिअरबॉक्सच्या अन् चाकाच्या स्प्रॉकेटवर सरळ पट्टी ठेवून चेनची लाइन पाहा, प्लेटमधले स्पेसर उलटसुलट लागले असन तं तिथंच समजते.

बर्डीचा_बुलेटवाला
सगळं लागलं, चेनही लाइनमध्ये आहे. पण आता नवीनच नाटक, ऑइल घालून, वायरिंग जोडून किक मारतोय तर प्लगला ठिणगीच नाही. लाइट पण कधी लागतो कधी नाही. कॉइल नवीन आहे, पॉइंट घासले, गॅप बघितला. इंजिन चढवायच्या आधी याच्यावर चांगली ठिणगी येत होती!

वायरिंगवाला_सदर
अर्थिंग भाऊ, दुसरं काही नाही. पावडर कोटिंगमधून करंट जात नाही. पॉइंटचा करंट डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीतून इंजिनमध्ये, इंजिनमधून चेसिसमध्ये आणि तिथून बॅटरीला परत जातो, तुझ्याकडे बॅटरीची अर्थची वायर ज्या बोल्टला लागलीये तिथे खाली कोटिंग असणार. टेस्ट लॅम्प लावून बघ, एक टोक बॅटरीच्या लाइव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या ॲल्युमिनियमवर. फिका लागला किंवा लुकलुकला तर हेच.
वायरखालची जागा चकचकीत लोखंडापर्यंत घास, दातेरी वाशर टाक, आवळून झालं की वरून व्हॅसलिन. आणि खरं सांगायचं तर चेसिसच्या भरवशावर राहूच नको, इंजिनच्या एखाद्या बोल्टपासून बॅटरीच्या अर्थ टर्मिनलपर्यंत जाड वायर वेगळीच ओढ. हॉर्न आणि हेडलाइटच्या ब्रॅकेटचंही तेच, तिथेही खाली कोटिंग आहे, म्हणून लाइट मनात येईल तेव्हा लागतोय.

बर्डीचा_बुलेटवाला
वेगळी वायर ओढली, दुसऱ्या किकला सुरू. बाबा गॅलरीतून खाली आले, ॲमीटरची सुई बघितली आणि म्हणाले हॉर्न वाजव. वाजला.

लोहा_ओळी_लेथ
मस्त. शंभरेक किलोमीटर झाल्यावर इंजिन थंड असताना सगळे माउंटिंग परत आवळ, हेडच्या पट्टीसकट. आणि एक, हँडलच्या मानेजवळचा चेसिस नंबर कोटिंगखाली वाचता येतोय का बघ. येत नसेल तर पेंट रिमूव्हरने तेवढीच जागा हळू साफ कर, कानस चुकूनही लावू नको, नाहीतर रीपासिंगला एमएच-३१ आरटीओच्या साहेबांना ते खोडलेलं वाटेल आणि तिथून पुढे तुझ्या चकरा सुरू.

बर्डीचा_बुलेटवाला
बघितलं, शेवटचे दोन आकडे बुजलेत. उद्या रिमूव्हर आणतो.