मदत हवी आहे: कवटीवरून 'वंश' लिहायचा की 'सांगता येत नाही' म्हणायचं?

नमस्कार मंडळी,
मी मूळची साताऱ्याची, सध्या अमेरिकेत फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजीत (हाडांवरून माणसाची ओळख पटवण्याचं शास्त्र) मास्टर्स करतेय. एका रिपोर्टवर चार दिवस अडलेय, काही सुचत नाहीये म्हणून इथे विचारते.

प्रत्येकाला एक कवटी दिलीये, मापं घ्यायची आणि वय, लिंग, अँसेस्ट्री (म्हणजे वंश) लिहायची. माझ्याकडे आलेली जुनी शिकवण्याची कवटी आहे, वरची टोपी करवतीने कापलेली, बाजूला हूक, जबड्याला स्प्रिंग. भारताने 1985 मध्ये निर्यात बंद करेपर्यंत अशा कितीतरी कवट्या कोलकात्याहून जगभर जायच्या, आणि हिच्या रजिस्टरलाही 'इंडिया' एवढंच लिहिलंय. म्हणजे उत्तर समोर आहे तरी ते मापांतून निघतच नाहीये!

मापांवरून गट सांगणाऱ्या फोर्डिस्क या सॉफ्टवेअरमध्ये मापं टाकली तर 'व्हाइट' आलं, पोस्टिरियर प्रोबॅबिलिटी (यादीतल्या गटांपैकी याच गटाची असण्याची शक्यता) 0.81. बॅचमधले म्हणाले झालं की मग. पण हा आकडा दिलेल्या गटांतच वाटलेला असतो, बेरीज 1 होणारच, त्यामुळे ज्याचा गट यादीत नाही त्यालाही सॉफ्टवेअर कुठल्यातरी खणात बसवणारच. टिपिकॅलिटी (त्या गटातल्या कवट्यांशी ही कितपत जुळते) बघितली तर 0.02, म्हणजे त्या गटात ही कवटी मुळात बसतच नाही. सॉफ्टवेअरमधला फॉरेन्सिक डेटा मुख्यतः अमेरिकेतल्या लोकांचा, आणि त्यातच असलेल्या, हॉवेल्स या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने मोजलेल्या जगभरच्या कवट्यांत भारतातले फक्त अंदमानी. मग आपल्याकडचा माणूस सापडणार कुठून?

नुसत्या डोळ्यांनी बघावं तरी तेच. नाकाच्या भोकाच्या खालच्या कडेला पेन्सिलीचं टोक टेकवायचं, अडलं तर युरोप, आत घसरलं तर आफ्रिका, असं जुन्या नोट्समध्ये आहे. माझी पेन्सिल डावीकडे अडते आणि उजवीकडे घसरते, तीनदा करून बघितलं.

तेव्हा इरावती कर्वे आठवल्या. 1920 च्या दशकाच्या शेवटी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या जर्मन मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरकच मोजला होता, आणि त्याचा वंशाशी संबंध दिसला नाही तेव्हा तसं लिहून दिलं, गुरूचं मत उलट असतानासुद्धा.

आमचे सर म्हणतात रकाना भरायलाच हवा, पोलिसांना काहीतरी लागतं. पण बेपत्ता माणसांची यादी याच रकान्यावरून चाळली जाते हो, मी 'व्हाइट' लिहिलं तर एखाद्या भारतीय मुलीचं नाव पहिल्याच फेरीत बाजूला पडेल आणि तिचे आईवडील वाट बघत राहतील. अमेरिकेत सापडलेल्या केनेविक मॅन या हजारो वर्षं जुन्या सांगाड्याचं तेच झालं ना, 1996 मध्ये कवटीवरून युरोपीय वळणाचा म्हणाले, 2015 मध्ये डीएनएने तो नेटिव्ह अमेरिकनांचाच ठरला, आणि त्या जमातींना आपला पूर्वज पुरायला 2017 उजाडावं लागलं.

कुणी महाराष्ट्रात मेडिकल कॉलेजच्या फॉरेन्सिक विभागात किंवा लॅबमध्ये असेल तर प्लीज सांगा, तुमच्या रिपोर्टात हा रकाना असतो का, आणि असला तर काय भरता? 'उपलब्ध गटांशी जुळत नाही' असं लिहून दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिले तर तपास अधिकाऱ्याला त्याचा उपयोग होतो, की तो फक्त मोठा आकडा उचलतो? आपल्याकडच्या कवट्यांच्या मापांचा डेटा कुणाकडे असेल तर तोही हवाय, जुना असला तरी चालेल.

शुक्रवारी सबमिशन आहे.