इंग्रजीतले स्वल्पविराम: एवढा बाऊ कशाला?

तपासनीस:
लोकांनी इंग्रजीत लिहिलेले मसुदे तपासणं हे माझं रोजचं काम. स्पेलिंग चुकलं तर माणसं ओशाळतात, स्वल्पविराम चुकला तर "तेवढं चालतं हो" म्हणतात. मला चालत नाही.

मूळ घोळ "श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम द्या" या शिकवणीत आहे. आजच्या इंग्रजीत तो वाक्याची रचना दाखवायला देतात. "द ड्रायव्हर्स हू केम लेट वेअर फाइन्ड" म्हणजे जे उशिरा आले तेवढ्यांनाच दंड. आता "ड्रायव्हर्स"नंतर एक आणि "लेट"नंतर एक स्वल्पविराम टाका: सगळेच उशिरा आले, सगळ्यांनाच दंड. शब्द तेच, दंड भरणारे वेगळे. पहिला देऊन दुसरा विसरलात तर वाक्य लंगडं पडतं.

दुसरं दुखणं "दॅट"पुढच्या स्वल्पविरामाचं. "ही सेड दॅट, ही वॉज बिझी." कशासाठी? आणि दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने चिकटवणं तर सर्रास चालतं. तिथे पूर्णविराम, अर्धविराम नाहीतर "अँड", "बट" असं काहीतरी हवं.

घाईघाईत:
असहमत. संदर्भ नावाची गोष्ट असते की नाही? किती जणांना दंड झाला हे वाचणाऱ्याला मागच्या-पुढच्या मजकुरावरून कळतंच.

आणि नियम म्हणाल तर कोणाचे? यादीत शेवटच्या "अँड"च्या आधी स्वल्पविराम द्या असं शिकागोची शैलीपुस्तिका सांगते, ऑक्सफर्डच्या छापखान्यावरून तर त्याला नावच पडलंय. एपी वृत्तसंस्थेची पुस्तिका म्हणते, साध्या यादीत नको. अमेरिकन लोक स्वल्पविराम अवतरणचिन्हाच्या आत टाकतात, ब्रिटिश बहुधा बाहेर. जाणत्यांचंच एकमत नाही, मग आम्हाला का वेठीला धरता?

तपासनीस:
शैलीतला फरक आणि चूक यांची गल्लत करताय. "दॅट"पुढचा तुमचा स्वल्पविराम शिकागोवाले देत नाहीत आणि एपीवालेही देत नाहीत.

जुनाबाड:
श्वासाचा नियम अगदीच निराधार नाही हो, जुना आहे इतकंच. पूर्वी मोठ्याने वाचणाऱ्याच्या सोयीसाठी चिन्हं सढळ हाताने देत. अमेरिकेच्या राज्यघटनेची 1791 ची दुसरी दुरुस्ती बघा, शस्त्रं बाळगण्याच्या हक्काची. प्रचलित पाठात एका वाक्यात तीन स्वल्पविराम, आणि शेवटचा तर थेट कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये. आज कोणी असं लिहिलं तर तपासनीसबाई लाल शाईने गोल करतील.

कलमबहाद्दर:
संदर्भाने कळतं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या मेन राज्याचा खटला वाचावा. तिथल्या कायद्यात काही कामांना ओव्हरटाइममधून सूट होती. यादी अशी: कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन". "शिपमेंट"नंतर स्वल्पविराम नाही. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, आम्ही माल पोचवतो, पॅकिंग करत नाही. "डिस्ट्रिब्यूशन" हे वेगळं काम नाही, ते "पॅकिंग"लाच जोडलंय, म्हणजे आम्ही सूट दिलेल्या कामांत बसत नाही, ओव्हरटाइम द्या. कंपनी म्हणाली, डिस्ट्रिब्यूशन हे यादीतलं स्वतंत्र काम आहे. 2017 मध्ये अपील न्यायालयाने निकाल ड्रायव्हरांच्या बाजूने दिला आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. संदर्भ दोन्ही बाजूंकडे सारखाच होता!

घाईघाईत:
हा खटला तर माझ्याच बाजूचा आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी चूक कुठे केली होती? मेनच्या मसुदा-पुस्तिकेतच यादीतला तो शेवटचा स्वल्पविराम देऊ नका असं होतं. त्यांनी नियम पाळला आणि तरी गोंधळ झाला. शिवाय न्यायालयापुढे मुद्दा एकट्या स्वल्पविरामाचा नव्हताच. बाकी सगळी कामं "इंग" लावून लिहिली होती आणि "डिस्ट्रिब्यूशन" तेवढं वेगळं, हेही ड्रायव्हरांनी मांडलं होतं. शेवटी न्यायालय म्हणालं की मजकूर संदिग्ध आहे, आणि मजुरीचे कायदे संदिग्ध असतील तर तिथे कामगाराला झुकतं माप देतात.

कलमबहाद्दर:
बरोबर. पण नंतर विधिमंडळाने काय केलं तेही सांगा. यादीतल्या प्रत्येक कामापुढे अर्धविराम घातला आणि "डिस्ट्रिब्यूशन"चं "डिस्ट्रिब्यूटिंग" केलं. म्हणजे चिन्हही सुधारलं, शब्दही.

तपासनीस:
मीही मसुद्यात हेच करते. एका स्वल्पविरामावर अर्थ तोलला जात असेल तर वाक्य मोडून दोन करते. "सम ड्रायव्हर्स केम लेट. ओन्ली दे वेअर फाइन्ड." जागा थोडी जास्त लागते, पण भांडायला वाव उरत नाही.

घाईघाईत:
म्हणजे अवघड जागी तुम्हीसुद्धा स्वल्पविरामावर विसंबत नाही! माझं म्हणणं याहून वेगळं काय होतं? बाकी ते ऑक्सफर्डवालं चिन्ह मी देणार नाही म्हणजे नाही.

तपासनीस:
नका देऊ. पण एकाच मजकुरात पान दोनवर द्यायचं आणि पान पाचवर गाळायचं, असं तरी करू नका. मागच्या आठवड्यात तसलाच एक करारनामा आला होता. यादीतला शेवटचा स्वल्पविराम मुद्दाम गाळलाय की विसरून राहिलाय, हे ठरवायला लिहिणाऱ्यालाच फोन करावा लागला.