शिंगराच्या सांध्यातील कूर्चेचा विकार : पेशींच्या पातळीवर नेमके काय बिघडते?

प्रश्न (करवीर तालुका, कोल्हापूर)
नमस्कार. आमचे शिंगरू 11 महिन्यांचे असून त्याच्या डाव्या मागच्या पायाच्या मधल्या सांध्यावर (हॉक, म्हणजे गुडघ्याखालचा सांधा) मऊ सूज आहे. अंगठ्याने ती एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूला फुगते, पण शिंगरू लंगडत नाही. एक्स-रेमध्ये टिबिया (नडगीच्या) हाडाच्या खालच्या टोकाशी एक सुटा तुकडा दिसला आणि डॉक्टरांनी ‘ऑस्टिओकॉन्ड्रोसिस’ (सांध्यातील कूर्चेचे हाड नीट न होण्याचा विकार) असे निदान केले. घरचे मात्र त्याला फिरवणाऱ्या पोरालाच बोल लावत आहेत. हा विकार मार लागल्यामुळे होतो, की मुळात पेशींमध्येच काही बिघडते?

उत्तर 1 (पशुवैद्यक)
त्या पोराला कृपया दोष देऊ नका. वाढत्या शिंगराच्या हाडांची टोके सुरुवातीला जाड कूर्चेची (हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊतीची) असतात आणि तिच्या आतल्या थरांना सांध्यातील द्रव पुरत नसल्यामुळे तेथील पेशी कूर्चेतून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगतात. कूर्चेचे हाड होत होत अस्थीभवनाची सीमा पुढे सरकते, तेव्हा या वाहिन्या त्या सीमेवरून ओलांडून जातात आणि नेमक्या त्याच जागी त्या तुटण्याचा किंवा बंद पडण्याचा धोका असतो. रक्त थांबले की त्या भागातल्या कूर्चापेशी मरतात. मेलेल्या कूर्चेत नव्या वाहिन्या शिरत नाहीत, त्यामुळे तिचे हाड होत नाही. आजूबाजूचे हाड वाढत राहते आणि मधोमध कच्च्या कूर्चेचा गाभा तसाच अडकून पडतो. असे अनेक छोटे गाभे पुढे हाडाने भरून येतात, परंतु जो राहतो, त्याला रोजच्या हालचालीच्या भारानेही चीर जाऊन तुकडा सुटतो. तुकडा धावताना सुटला असला तरी ती जागा कित्येक महिने आधीच कमकुवत झालेली होती. या सांध्यातील दोष साधारण 5 महिन्यांच्या वयानंतर, तर मागच्या गुडघ्यातील दोष 8 महिन्यांनंतर सहसा आपोआप भरत नाहीत. उजव्या पायाचाही एक्स-रे अवश्य काढा, कारण दोष पुष्कळदा दोन्ही पायांत सापडतो. सुटा तुकडा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढता येतो.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. घोडी पुन्हा गाभण आहे. उसाच्या वाड्यांबरोबर तिला आणि शिंगराला हरभऱ्याचा भरडा व गूळ भरपूर दिला जात होता. त्याचा संबंध असेल का?

उत्तर 2 (घोडेपालक, कागल)
शिंगराच्या बाबतीत असू शकतो, कारण अति ऊर्जेच्या खुराकाने वाढ झपाट्याने होते आणि अशा शिंगरांमध्ये हे दोष अधिक आढळतात. अर्थात आनुवंशिकतेचाही वाटा आहेच, म्हणून त्याच नराकडे घोडी पुन्हा नेण्यापूर्वी विचार करावा. घोडीच्या खुराकात तांब्याकडे लक्ष द्या. कोलॅजन या कूर्चेतील प्रथिनाचे धागे एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) तांबे लागते, आणि घोडीच्या दुधात ते फारच कमी असल्यामुळे शिंगरू जन्मापूर्वीच आपल्या यकृतात त्याचा साठा करून घेते. त्यामुळे गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत खनिज मिश्रण डॉक्टरांना विचारून द्यावे. गोठ्यात मेंढ्या असतील तर ते मिश्रण त्यांच्या तोंडी लागू देऊ नका. घोड्याला सोसणारे तांबे मेंढीला विषारी ठरते.