मदत हवी आहे: कोटोरच्या आखातात आईबरोबर चार दिवस

मंडळी, सप्टेंबरात आईला घेऊन माँटेनेग्रोला जातोय. मुक्काम कोटोरला करावा की पेरास्तला, इथेच गाडं अडलंय.

आईचे गुडघे बोलतात, त्यामुळे कोटोरच्या किल्ल्याच्या साधारण 1,350 पायऱ्या बाद. (मी पहाटे एकटा चढून येईन, तिला सांगू नका.) तिला खरी ओढ चर्चची आहे. 1166 सालचं सेंट ट्रिफन बघायचंच आहे, पण त्याहून जास्त 1195 चं छोटंसं सेंट ल्यूक. एकाच छपराखाली कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स अशा दोन वेद्या, हे ऐकल्यापासून तिने दोनदा विचारलंय, "भांडत नव्हते का रे?" ते आत जाऊन बघायला मिळतं का, की प्रार्थनेच्या वेळा सांभाळाव्या लागतात?

पेरास्तसमोर दगड टाकून उभारलेलं बेट आहे ना, गोस्पा ओद श्क्रप्येला, तिथे जाणाऱ्या होड्यांत चढ-उतार कितपत अवघड आहे? धक्का आणि होडी यांत मोठी फट असेल तर आई तिथूनच परत फिरेल.

शेवटचं म्हणजे कोटोरहून न्येगुशी गावाकडे चढणारा तो वळणावळणांचा घाट. रस्ता अरुंद, त्यात गाडी उजव्या बाजूने हाकायची. स्वतः गाडी घ्यावी की चालकासह? फोटो बघूनच माझे हात घामेजले. पण न्येगुशीचं चीज खाल्ल्याशिवाय परतायचं नाही, हे ठरलेलं आहे.

वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी जरूर लिहा.